सुटकेस रेकॉर्ड प्लेअर: जुन्या तबकड्यांना कितपत चालतो?

वेग तिन्ही आहेत, मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेरे. सुई मात्र बहुतेकदा एकच मिळते, एलपीची, म्हणजे ३३ वेगाच्या विनाइल तबकडीची. ती साधारण १८ मायक्रॉनची. सैगल, शमशाद बेगम यांच्या ७८ वेगाच्या लाखेच्या तबकड्यांना ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, म्हणून गाण्यापेक्षा खरखरच जास्त. ७८ वेगाच्या तबकड्यांची सुई वेगळी मागवा, सैगलचा खर्ज मग खरा कळतो!

सिरॅमिक कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, तबकडीवरचा भार ५-६ ग्रॅम असतो. लाखेला चालेल, जपून ठेवलेल्या एलपीला नको. आतले स्पीकर सुमार. आरसीए जोडणी (आवाज बाहेर नेणारी खाच) असेल तर बाहेरचे लावा. आणि लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते.