लीगल डिक्शनरीचं ॲप: अर्थ बरोबर, उगम अर्धवट (३ स्टार)

होम लोनचे कागद वाचताना दर दुसऱ्या ओळीला अडायला होत होतं म्हणून हे ॲप घेतलं, दोन महिने वापरतोय. नुसता अर्थ बघायचा तर मस्त आहे, पटकन उघडतं, नेट नसलं तरी चालतं. पण जाहिरात केलीये 'प्रत्येक शब्दाचा उगम' अशी आणि नेमकी तिथेच गाडी रुतते.

मॉर्गेज घ्या. अर्थ दिलाय गहाण, बरोबर. उगमात लिहिलंय की जुन्या फ्रेंचमध्ये मॉर्ट म्हणजे मेलेलं आणि गेज म्हणजे तारण, कर्ज फिटलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली आणि फिटलं तर सावकाराला मेली, झालं, विषय संपला. वाचायला भारी वाटतं हो, पण हा खुलासा १५व्या शतकातल्या लिटलटन नावाच्या इंग्लिश न्यायाधीशाचा, आणि त्यानेसुद्धा तो 'असं वाटतं' म्हणूनच दिलाय. त्याच्या जवळपास ३०० वर्षं आधी ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या कायद्याच्या ग्रंथात वेगळंच कारण सापडतं. गहाण जमीन सावकाराच्या ताब्यात, तिचं उत्पन्नही त्यालाच, आणि त्यातला एक पैसाही कर्जातून वजा होत नाही, असं गहाण ते मेलेलं. उत्पन्न वजा होत गेलं तर ते जिवंत, कारण आपलं कर्ज आपणच फेडतंय. म्हणजे १०० चं बिनव्याजी कर्ज आणि जमिनीचं उत्पन्न वर्षाला १० धरलं, तर जिवंत गहाण १० वर्षांत सुटतं, मेलेल्यात १० वर्षांनी पण १०० च उभे. मला तरी हेच पटतं, आणि ॲपमध्ये याचा एक शब्द नाही.

बरं हे मॉर्ट म्हणजे आपल्या मृत्यूचा चुलतभाऊ, मूळ एकच, एंगेजमेंटमधला गेज पण हाच, एवढं सांगितलं असतं तरी मजा आली असती. आपला गहाण संस्कृत ग्रहणावरून आलाय, त्यावर टॅप केलं तर कोरं पान.

आणि ऑडिओ! बाई ठासून 'मॉर्ट-गेज' म्हणतात, इंग्रजीत तो ट कुणी उच्चारत नाही. सपोर्टला कळवलं, 'अभिप्रायाबद्दल आभार' असं लगेच आलं. मागच्या आठवड्यात अपडेट पण आला, डार्क मोड दिलाय, ट तसाच आहे.