रेड डेड रिडेम्प्शन २: माळावर मोकळीक, मिशनमध्ये दावणी

रॉकस्टारचा हा वाइल्ड वेस्टमधल्या डाकूंच्या टोळीचा गेम प्लेस्टेशन ४ (पीएस४) आणि एक्सबॉक्स वनवर २६ ऑक्टोबर २०१८ ला आला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. एवढ्या वर्षांत ग्राफिक्स कुठल्या कुठे गेले, तरी यातल्या जगाला तोड क्वचितच सापडते. अर्ध्यावर सोडलेल्या गेम्सची यादी काढली तर त्यातही हा हमखास असतो. लोक म्हणतात, गेम फार संथ आहे. दुखणं संथपणात नाही. संथपणा नको त्या जागी आहे आणि मोकळीक हवी तिथे नाही, हे खरं दुखणं आहे.

शिकार घ्या. दुर्बिणीतून जनावराचे तारे, म्हणजे कातड्याची प्रत, बघायचे, तीन तारे असतील तरच बाण सोडायचा. सशाला लहान जनावरांचा बाण किंवा व्हार्मिंट रायफल लागते. मोठी बंदूक चालवली तर कातडं फाटून त्याची किंमत जाते. मेलेलं जनावर घोड्यावर लादून फार फिरलात तर ते सडतं. इथे सगळं हळू होतं आणि ते शोभतं, कारण वेळ कसा घालवायचा हे खेळणारा ठरवतो.

मिशन सुरू झालं की हे सगळं संपतं. नकाशावर पिवळी रेघ येते आणि तिच्यावरूनच चालायचं. समोरच्या घरात शत्रू दबा धरून बसलेत, बाजूच्या टेकडीला वळसा घालून मागून जावं असं कुणालाही सुचेल. गेलात की साथीदारांना सोडल्याबद्दल मिशन फेल. बाहेर पन्नास तास जे जग ‘हवं ते कर’ म्हणतं, तेच आत आल्यावर दावणीला बांधतं. त्यात सुवर्णपदकाच्या अटी पहिल्यांदा मिशन पूर्ण होईपर्यंत दाखवतच नाहीत. म्हणजे पदक हवं असेल तर तेच संवाद ऐकत तीच घोडेस्वारी पुन्हा करा. ही मेहनत खेळणाऱ्याच्या कौशल्याची नाही, नुसती वेळेची आहे.

बटणांची (इथली नावं प्लेस्टेशनची) मांडणी तर सरळ चुकली आहे. हात रिकामे असताना एल२ दाबलं की समोरच्या माणसाशी बोलायचे पर्याय येतात; हातात बंदूक असेल तर तेच एल२ त्याच्यावर नेम धरतं. घोड्यावर बसायचं बटण त्रिकोण, आणि माणसाला धरून आपटायचंही त्रिकोणच. भर बाजारात घोड्याशेजारी कुणी उभा असेल तर आर्थर, म्हणजे आपण खेळतो तो नायक, घोडा सोडून त्याच्यावर झेपावतो, लगेच साक्षीदार धावतात आणि डोक्यावर इनाम लागतं. उपाय दोनच: गावात शिरण्याआधी एल१ टिचकीसरशी दाबून बंदूक म्यान करायची, आणि घोड्याजवळ गेल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातली सूचना वाचूनच त्रिकोण दाबायचा.

बंदुकांचा घोळ वेगळाच. लांब बंदुका खोगिरात राहतात. उतरताना निवडल्या नाहीत तर गोळीबार सुरू झाल्यावर हातात फक्त पिस्तूल असतं आणि घोडा दूर पळालेला असतो. उतरण्याआधी एल१ दाबून धरा, हत्यारांचं चक्र उघडतं, त्यातून खांद्यावरची आणि पाठीवरची अशा दोन्ही निवडा. मिशनच्या सुरुवातीला गेम पुष्कळदा स्वतःच हत्यार बदलतो, तेव्हा पहिली गोळी झाडण्याआधी चक्र पुन्हा बघा.

धावण्यासाठी एक्स सतत दाबून अंगठा दुखत असेल तर सेटिंग्जच्या कंट्रोल्समध्ये धावण्याचा टॉगल आहे. तिथेच नेमाचं अ‍ॅक्सिलरेशन वाढवा आणि डेड झोन (स्टिक हलवूनही काही होत नाही तेवढा भाग) कमी करा. मूळ सेटिंगवर आर्थर चिखलात रुतल्यासारखा वळतो. टोळीच्या छावणीत मात्र संथच चालावं लागतं, त्याला इलाज नाही. लांबच्या प्रवासाला नकाशावर खूण करा, घोडा वेगात आणा आणि टचपॅड दाबून धरा: सिनेमॅटिक कॅमेरा सुरू होतो आणि घोडा आपणहून रस्ता धरतो. फास्ट ट्रॅव्हलचा, म्हणजे झटक्यात दूरच्या गावी पोचवणारा, नकाशा छावणीच्या खातेवहीत लपवून ठेवलाय. आधी टोळीचा म्होरक्या डच याचं बिऱ्हाड सुधारायचं (२२० डॉलर), मग आर्थरचं (३२५ डॉलर), तेव्हा तो मिळतो, आणि चालतो छावणीतून बाहेर जायला. परतीला घोडा, नाहीतर आगगाडी. इतकी उपयोगी सोय एवढी आडवळणाला ठेवायचं कारण समजत नाही.

गोव्यात खेळणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतं ते सेव्हिंग. मोकळे फिरताना हवं तेव्हा सेव्ह होतं, पण मिशनच्या आत नाही. मधले चेकपॉइंट फक्त हरल्यावर कामाला येतात. मशीन बंद पडलं की मिशन पहिल्यापासून. जून ते सप्टेंबर सत्तरी, डिचोली, काणकोणात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि रेस्ट मोडवर ठेवलेला गेमही लाईटबरोबर जातो. म्हणून पावसाळ्यात दर मिशनआधी हाताने सेव्ह करा. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा स्विच असेल तर तो चालू ठेवा. साध्या मोडवर बॅटरीवर जायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात कन्सोल बंद पडू शकतो. नुसता यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा कन्सोल आणि टीव्हीला काही मिनिटं पुरतो. मोकळे फिरत असाल तर तेवढ्यात सेव्ह होतं, मिशनमध्ये असाल तर निदान मशीन नीट बंद करता येतं.

सुरुवातीचा बर्फातला अध्याय दीड-दोन तास खातो आणि मोकळं फिरू देत नाही. तेवढा सोसा, नकाशा दुसऱ्या अध्यायात उघडतो.

म्हापशात किंवा मडगावात जुनी पीएस४ प्रत घेत असाल तर डबीत दोन डिस्क आहेत ना, ते दुकानातच उघडून बघा. एक डेटाची, एक खेळायची. डेटाची आधी इन्स्टॉल होते. ती नसेल तर दुसरीचा उपयोग नाही. डिजिटल पीएस५ ला वेगळा ड्राइव्ह जोडलेला नसेल तर तिथे डिस्क घेऊ नका. पीएस५ वरही हा पीएस४ चाच गेम सेकंदाला ३० फ्रेम्सवर चालतो. पीसीवर १५० जीबी जागा रिकामी हवी, आणि एवढा गेम उतरवायला ४० एमबीपीएसच्या जोडणीवर कित्येक तास लागतात. डाउनलोड रात्री लावा, आणि त्या रात्री राउटरही इन्व्हर्टरवर ठेवा.