मास्टरच्या सीओसीची तयारी नागपुरात: बजाजनगरातला स्टॅबिलिटीचा क्लास

नागपुरात समुद्र नाही, एमएमडीचं (परीक्षा घेणाऱ्या सरकारी सागरी विभागाचं) ऑफिस नाही, मास्टर एफजीची, म्हणजे परदेशगामी जहाजाच्या कप्तानाच्या सीओसीची (पात्रता प्रमाणपत्राची), ओरल (तोंडी परीक्षा) ही इथे होत नाही. तरीही सुट्टीवर घरी आलेल्या विदर्भातल्या मेट (जहाजावरचे अधिकारी) मंडळींनी तयारीचे पहिले आठवडे मुंबईत भाड्याच्या खोलीत काढायची गरज नाही, हे बजाजनगरातल्या या दोन खोल्यांच्या क्लासकडे पाहून ठामपणे सांगता येतं. फक्त इथे काय मिळतं आणि काय नाही, ते समजून प्रवेश घ्यावा.

क्लासचं खरं बळ म्हणजे स्टॅबिलिटी, म्हणजे जहाज उलटू नये यासाठीचं संतुलनाचं गणित. सर प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी फ्री सर्फेसचं, म्हणजे अर्धवट टाकीतल्या हलत्या पाण्याने जहाजाची स्थिरता किती घटते याचं, एक गणित घालतात: टाकी २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, अर्धवट भरलेली, आत खारं पाणी, जहाजाचं डिस्प्लेसमेंट (एकूण वजन) २०,००० टन. लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२, उत्तर २,८८०. घनता १.०२५ ने गुणलं की २,९५२ टन-मीटर, आणि डिस्प्लेसमेंटने भागलं की ०.१४८ मीटर. इंटॅक्ट स्टॅबिलिटी कोडला किमान जीएम (कललेलं जहाज सरळ होण्याच्या क्षमतेचं माप) हवा ०.१५ मीटर. एकच अर्धवट टाकी जवळपास तेवढा जीएम खाऊन टाकते! मग सर त्याच टाकीच्या मधोमध लांबीच्या दिशेने बल्कहेड (भिंत) घालतात आणि तोटा ०.०३७ वर येतो, म्हणजे बरोबर पाव. फ्री सर्फेसचं सूत्र पाठ असलेले पुष्कळ भेटतात. रुंदी इतकी का नडते हे असं फळ्यावर पाहिलं की लोडिंग प्लॅन करतानाही आठवतं.

जीझेड कर्व्हवर, म्हणजे किती अंश कललं की जहाजाला सरळ करणारा भुज (जीझेड) किती याच्या आलेखावर, सर सर्वाधिक वेळ देतात, आणि ते योग्यच आहे. आलेखाखालचं क्षेत्रफळ ३० अंशांपर्यंत ०.०५५, ४० अंशांपर्यंत ०.०९ आणि मधल्या १० अंशांत ०.०३ मीटर-रेडियन, हे निकष सगळ्यांना तोंडपाठ असतात. मार्क जातात ते दुसरीकडेच. ० ते ३० मध्ये दहा-दहा अंशांचे तीन भाग पडतात, तिथे क्षेत्रफळ काढण्याचा सिम्पसनचा दुसरा नियम लागतो. ० ते ४० मध्ये चार भाग, तिथे पहिला. घाईत दोन्हीकडे एकच नियम लावला जातो. दुसरी चूक अंतराची: रेडियन करण्यासाठी १० अंशांना ५७.३ ने भागायचं राहतं. जीझेड ०, ०.१०, ०.२२ आणि ०.३६ असतील तर उत्तर ०.०८६ यायला हवं, येतं ४.९५. इतका मोठा आकडा पाहून हात थांबला पाहिजे, आणि ती सवय इथे लावून घेतात.

चार्टवर्क (सागरी नकाशावर मार्ग आणि जहाजाची जागा आखणं) ठीक आहे. पण एप्रिल-मे मध्ये चार्टचं टेबल कूलरसमोर असतं, हे बदलायला हवं. ओलसर वाऱ्याने कागद फुगतो, समांतर पट्टी सरकवताना कडा वर येते आणि पोझिशन हलते. टेबल भिंतीकडे घेतलं तरी पुरेल.

ओरलची तयारी मात्र कच्ची आहे. मराठीतून समजावणं स्टॅबिलिटीला फार उपयोगी पडतं, पण कॉलरेग्ज (समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) इंग्रजीत, मोठ्याने, सलग म्हणावे लागतात. नियम १९ वर विचारलं की उमेदवार सवयीने ‘स्टँड-ऑन’ (आपली दिशा आणि वेग कायम ठेवणारं जहाज) म्हणून जातो. मर्यादित दृश्यमानतेत, जहाजं एकमेकांना दिसत नसताना, स्टँड-ऑन कुणीच नसतं. त्याच नियमात, नुसत्या रडारवर सापडलेलं जहाज बीमच्या (आपल्या जहाजाच्या बाजूला काटकोनात जाणाऱ्या रेषेच्या) पुढे असेल आणि आपण त्याला ओव्हरटेक करत नसू, तर पोर्टला (डावीकडे) वळणं टाळायचं असतं. हे रोज कुणीतरी समोर बसून विचारलं पाहिजे. क्लासमध्ये आठवड्यातून एकदाच विचारतात, ते अपुरं आहे.

या क्लासची हजेरी सीओसीसाठी कुठेच धरली जात नाही, हेही लक्षात घ्यावं. अ‍ॅडव्हान्स्ड शिपबोर्ड मॅनेजमेंट हा कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतच करावं लागतं, त्यामुळे मुंबई किंवा दुसरं केंद्र टळत नाही.

सी-टाइमची (जहाजावर काढलेल्या काळाची) कागदपत्रं सर तपासून देतात, आणि फीचा मोठा भाग तिथेच वसूल होतो. एसटीसीडब्ल्यू या नाविकांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे ३,००० जीटी (ग्रॉस टनेज) आणि त्यावरच्या जहाजाच्या मास्टरला वॉचकीपिंग ऑफिसर म्हणून ३६ महिने लागतात. त्यात चीफ मेट म्हणून किमान १२ महिने झाले असतील तर ही अट २४ महिन्यांपर्यंत खाली येऊ शकते. भारतीय अर्जाच्या अटी डीजी शिपिंगच्या (केंद्राच्या जहाज महासंचालनालयाच्या) चालू सूचनांतून वेगळ्या पाहाव्यात. सर कंपनीच्या पत्रातल्या साइन-ऑन, साइन-ऑफच्या तारखा सीडीसीच्या (नाविकाच्या नोंदपुस्तिकेच्या) शिक्क्यांशी एकेक करून जुळवतात, जहाजाचं टनेज आणि रँक पाहतात. एका दिवसाचा फरक निघाला तरी पत्र कंपनीकडे परत पाठवायला लावतात. ही दुरुस्ती नागपुरातच झाली तर विदर्भ एक्सप्रेसची एक फेरी वाचते.

सोबत साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, टोकं नीट जुळणारा डिव्हायडर आणि टूबी पेन्सिल न्यावी. गणिताला बसण्याआधी साइन ३० दाबून पाहावं: ०.५ आलं तर डिग्री मोड, उणे ०.९८८ आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे.