अणुऊर्जा अभियांत्रिकीचे प्रशिक्षण: भाभा केंद्र, एनपीसीआयएल की एम.टेक.?

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात, कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि अणुऊर्जेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे प्रामुख्याने तीन वाटा आहेत: भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय, अणुवीज केंद्रे चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीची एक्झिक्युटिव्ह ट्रेनी (प्रशिक्षणार्थी अधिकारी) योजना आणि आयआयटी कानपूरसारख्या संस्थेतील अणुअभियांत्रिकीचे एम.टेक. तिन्हींसाठी ‘गेट’ या प्रवेश परीक्षेचे गुण उपयोगी पडत असल्यामुळे तयारी एकच असली, तरी पुढचे आयुष्य मात्र बरेच वेगळे असते.

भाभा केंद्राचे विद्यालय १९५७ साली सुरू झाले आणि डॉ. अनिल काकोडकर याच विद्यालयातून पुढे आले. येथील वर्षभराच्या अभ्यासक्रमात भर वर्गातील शिकवणीवर असतो. अणुभट्टीचे भौतिकशास्त्र, उष्णतेचे वहन, पदार्थविज्ञान आणि किरणोत्सारापासून संरक्षण हे विषय वेगाने शिकवले जातात आणि परीक्षांचा ताण सतत राहतो. ज्याला रचना, गणन आणि संशोधन यांची ओढ आहे, त्याने हीच वाट धरावी. येथे भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांनाही प्रवेश आहे. एक्झिक्युटिव्ह ट्रेनी योजना मात्र अभियंत्यांसाठीच आहे.

प्रत्यक्ष हाताने काम शिकायचे असेल, तर माझ्या मते एनपीसीआयएलला तोड नाही. तेथेही पहिले वर्ष प्रशिक्षणाचे असते, परंतु ते रावतभाटा, तारापूर, कैगा यांसारख्या चालू अणुवीज केंद्रांलगतच्या प्रशिक्षण केंद्रांत होते. प्रशिक्षणार्थी हातात प्रवाह-आराखडा घेऊन पाइपलाइनच्या मागोमाग चालतो, प्रत्येक व्हॉल्व्हचा क्रमांक आराखड्याशी ताडून पाहतो आणि तो बंद झाला तर पुढे काय घडेल, हे वरिष्ठांना जागेवरच समजावून सांगतो. छातीवर किरणोत्साराची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असतो. कामगारांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट असून एका वर्षात ती ३० च्या वर जाऊ दिली जात नाही. पुढे नियंत्रण कक्षात काम करायचे, तर लेखी परीक्षा, सिम्युलेटरवरील सराव आणि तोंडी परीक्षा पार करून परवाना मिळवावा लागतो, आणि ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरणही करावे लागते. हे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळणारे नाही. कोयनेचे वीजगृह पाहिलेल्या विद्यार्थ्याला टर्बाइन आणि जनित्र ओळखीचे वाटेल. परंतु अणुभट्टी बंद केल्यावरही इंधनात उष्णता निर्माण होतच राहते आणि म्हणून तिला थंड ठेवण्याची जबाबदारी संपत नाही, हा फरक येथे अंगवळणी पडतो.

या वाटेची किंमतही घरी स्पष्ट सांगितलेली बरी. पाळीपाळीने रात्रीचे काम करावे लागते आणि नेमणूक कुठे होईल, हे आपल्या हाती नसते. राज्यातले केंद्र म्हणून तारापूरची आशा धरणाऱ्या पालकांनी नकाशा जरूर पाहावा, कारण सांगलीला तारापूरपेक्षा कारवारजवळचे कैगा जवळ आहे. भाभा केंद्रातील बहुतेकांचा मुक्काम मात्र मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) आणि अणुशक्तीनगर परिसरात राहण्याची शक्यता अधिक असते.

या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षणात विद्यावेतन मिळते, ते यशस्वीपणे पूर्ण केल्यावर सायंटिफिक ऑफिसर ‘सी’ या पदावर नेमणूक होते आणि ठरावीक काळ सेवेचा करारही करावा लागतो. आयआयटीतील एम.टेक.मध्ये नोकरीची अशी हमी नसते. परदेशात संशोधन करायचे असेल किंवा अणुभट्ट्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या खासगी उद्योगात जायचे असेल, तर ती पदवी उपयोगी पडते. मात्र एम.टेक.नंतर या दोन संस्थांकडे परत वळू पाहणाऱ्याने वयोमर्यादेचा हिशेब आधीच करावा, कारण खुल्या प्रवर्गासाठी ती सर्वसाधारणपणे २६ वर्षे असते. आधी एक-दोन वर्षे नोकरी आणि मग दोन वर्षांचे एम.टेक. असा विचार असेल, तर हे दार बंद होण्याची शक्यता मोठी आहे.