इग्वानाच्या पिंजऱ्याला पॉलिहाऊसचा फॉगर

विश्रामबागेतल्या आमच्या घरी बाजी नावाचा हिरवा इग्वाना आहे, शेपटीसकट साडेचार फुटांचा. त्याच्या पिंजऱ्यात ओलावा टिकवायला मी पॉलिहाऊसमध्ये लावतात तो चारतोंडी फॉगर (दाबाच्या पाण्याचं धुकं करणारा फवारा) आणि बॅटरीच्या फवारणी पंपात असतो तसला 12 व्होल्टचा पंप बसवला आहे. दोन्ही सांगलीतल्याच एका ठिबकच्या दुकानातून घेतले. अख्खा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा पार पडला, तेव्हा आता खात्रीने लिहिते: या कामाला यापेक्षा चांगली वस्तू मला आजवर मिळालेली नाही.

इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पाण्याकाठच्या झाडांवर राहणारा. त्याला हवेत साधारण 65 ते 80 टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारचा वारा नुसता कोरडा. त्यात ऊन खायच्या फांदीवर दिवा लावून 35 अंशांपर्यंत ऊब द्यावीच लागते, नाहीतर खाल्लेला पाला नीट पचत नाही. हवा तापली की बाष्प तेवढंच राहूनही सापेक्ष आर्द्रता उतरते. त्यामुळे सकाळी दिवा लावला की आर्द्रतेचा मीटर घसरायला लागायचा आणि बाराच्या सुमारास पस्तीस टक्क्यांच्या खाली जायचा.

फॉगरच्या आधी टेबलावर ठेवायचं अल्ट्रासोनिक यंत्र वापरत होते. धुकं दिसायला सुरेख, पण आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्या धुक्याबरोबर उडायचा आणि काचेवर, पानांवर पांढरी पूड बसायची. इग्वाना अंगातलं जादा मीठ नाकातून शिंकून टाकतो. त्याचेही काचेवर पांढरे ठिपके पडतात. ते रोजचे आणि निरोगी असतात, पण यंत्राच्या पुडीत कुठला डाग कशाचा हेच कळेना. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इग्वाना पानावरचे थेंब चाटून पाणी पितो, आणि त्या बारीक धुक्याने पानावर थेंब धरतच नव्हते. अंगात पाणी कमी पडत राहिलं की या प्राण्याची मूत्रपिंडं खराब होतात आणि वरून लक्षणं दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून मला हे बदलायचंच होतं.

दुकानदारांनी पहिलाच प्रश्न केला, "ताई, किती गुंठं पॉलिहाऊस हाय?" मी पिंजऱ्याचं माप सांगितलं, सहा फूट उंच, पाच रुंद, तीन खोल, आणि मोबाईलवर बाजीचा फोटो दाखवला. ते एकदम गंभीर झाले. "ही घोरपड न्हवं का? पाळायला बंदी हाय तिला." त्यांनी विचारलं ते मला फार आवडलं. घोरपड संरक्षित आहे, ती घरात ठेवणं गुन्हाच. इग्वाना परदेशी, पण तोही साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये असल्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. आमची नोंद दाखवली, मग त्यांनी बादलीत पाणी घेतलं, पंप जोडला आणि दुकानाच्या दारातच फॉगर चालवून दाखवला. "चार बार दाब मिळाला तरच धुकं. दाब कमी पडला की नुसतं थेंब." एलपीडी त्यांनीच आग्रहाने घ्यायला लावली. फॉगरच्या वर बसणारी ही छोटी झडप पंप बंद होताच पाणी अडवते, म्हणून नंतर टिपकत नाही. सोबत 120 मेशचा, म्हणजे बारीक जाळीचा फिल्टर, नळी, जोड आणि अडॅप्टर. इलेक्ट्रिकच्या दुकानातून डिजिटल टायमर वेगळा घेतला. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत बसलं. पंप मात्र नवाच घ्या. द्राक्षबागेत फिरलेला जुना पंप स्वस्तात मिळतो, पण त्याच्यात औषधाचा अंश राहतो.

एका तोंडातून ताशी साधारण 7 लिटर, म्हणजे चारही तोंडं धरून अर्ध्या मिनिटात पाव लिटरच्या आत पाणी पडतं. तेवढ्यात मीटर ऐंशीच्या वर जातो आणि मग सावकाश उतरतो. उन्हाळ्यात सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास अशा तीन वेळा लावते. संध्याकाळी मुद्दाम बंद, कारण पानं सुकून रात्र पडली पाहिजे. कोंदट, ओल्या हवेत कातडीवर फोड आणि बुरशी येते. जुलैत सांगलीची हवाच दमट, तेव्हा सकाळचा एक फवारा पुरतो. दिवा जाळीच्या बाहेर हवा, तापल्या काचेवर पाणी पडलं तर ती फुटते. पंपाच्या लाइनवर आरसीसीबीही (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

खरा फरक कात टाकताना दिसला. इग्वानाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि कोरड्या हवेत बोटांवर तिची कडी अडकून राहते. ती आवळत गेली की रक्त पोचत नाही आणि बोटाचं टोक वाळून गळतं, शेपटीचंही तसंच. मागच्या पायाचं चौथं बोट सगळ्यात लांब, मी तेच आधी बघते. यंदा तिथली कात लसणाच्या सालीसारखी सुटी झाली, आणि पाठीवरच्या काट्यांच्या टोप्या एकेक करून फांदीखाली पडलेल्या सापडल्या.

उणिवाही आहेत. पंप खडखडतो. सुरुवातीला बाजी त्या आवाजाने गळ्याखालची झोळ ताणून उभा राहायचा. पंपाखाली रबराची चकती दिली तेव्हा आवाज उतरला. क्षाराने तोंडं बुजतात, ती अधूनमधून काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकावी लागतात. आरओचं वाया जाणारं पाणी यात कधीच घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त. खाली पाणी साठतं, त्याला ट्रे आणि निचरा लागतोच. पंपाला वॉरंटी नाही, पण गळका निघालेला जोड दुकानदारांनी काही न विचारता बदलून दिला.

मीटर प्रोबवाला डिजिटल घ्या आणि एकदा तपासून घ्या: झाकणात मीठ घ्या, ओलं होईल एवढंच पाणी घाला, मीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 च्या जवळ आकडा दिसला पाहिजे. आणि दुकानात द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत जाऊ नका, बागायतदारांच्या गर्दीत कुणाला नीट बोलायला वेळ नसतो. एरवी दुपारी जा, पिंजऱ्याचं माप लिहून न्या, आणि एलपीडी एक जादा घ्या.