कोहासाठी डेबियन सर्व्हर, वर्षभराच्या वापरानंतर: समाधानी आहे, पण ‘बूट’ पार्टिशन आजच तपासा

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डेबियन १२ (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) वर कोहा (पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालू होऊन वर्ष उलटून गेलं. हा अनुभव गेल्या दिवाळीतच लिहिला असता तर निव्वळ कौतुकाचा झाला असता. मध्ये एका फसलेल्या अपडेटमुळे ऐन बुक बँकेच्या (विद्यार्थ्यांना अभ्यासाची पुस्तकं देण्याच्या योजनेच्या) वाटपात सर्व्हर बसला. त्यानंतर आठवडाभर जे काही पाहिलं, ऐकलं आणि शिकले, ते आपल्यासारख्या छोट्या ग्रंथालयांच्या कामाचं आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. कोहाच्या बाकी तपशिलात मात्र जात नाही.

मशीन म्हणजे एका कार्यालयातून निघालेला जुना आय-५ डेस्कटॉप. आठ जीबी रॅम होती, २४० जीबीची नवी एसएसडी टाकून घेतली. पुस्तकं वीस-बावीस हजार, देवघेवीचे दोन काउंटर आणि वाचनकक्षात ओपॅकसाठी (वाचकांनी पुस्तकं शोधायच्या ऑनलाइन सूचीसाठी) एक संगणक. एवढ्या कामाला हे मशीन पुरून उरतं. नॅकसाठी (महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी) लागणारे अहवाल, थकीत पुस्तकांच्या याद्या, बारकोड, कशालाच अडचण आली नाही. कोहा मुळात न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये लिहिलं गेलं आणि ३ जानेवारी २००० ला तिथे वापरात आलं. तेव्हापासून ते मोफत आणि खुलं आहे. परवान्यापोटी एक रुपयाही द्यावा लागला नाही, ही आमच्या अंदाजपत्रकात फार मोठी गोष्ट आहे. आता मूळ विषयाकडे येते.

जुलैच्या सुरुवातीला एका शनिवारी रात्री पाऊस आणि विजांमुळे गावातली वीज बराच वेळ गेली. यूपीएस दमला आणि सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर तो आपोआप चालू व्हावा अशी सोय बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) करून ठेवली आहे, त्यामुळे चिंता नव्हती. सोमवारी सकाळी काउंटरवर रांग लागली आणि कोहाचं पान उघडेना. ग्रंथालयातल्या शिपाईमामांनी स्टोअरमधून मॉनिटर आणून जोडला. काळ्या पडद्यावर शेवटची ओळ होती: ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस’, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम जोडता येत नाही.

ज्यांच्याकडे आमचं एएमसी (देखभालीचं वार्षिक कंत्राट) होतं आणि ज्यांनी हा सर्व्हर मुळात बसवून दिला, त्या दुकानात लगेच फोन केला. त्यांचा मुलगा दुपारी आला, दोनदा चालू-बंद करून पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, हार्डडिस्क गेलीय. फॉरमॅट मारून नव्याने टाकावं लागेल.” डेटाचं काय, असं विचारलं. “डेटाची गॅरंटी देता येणार नाही.” संध्याकाळी कोटेशन आलं: नव्याने बसवायचे अठरा हजार, डेटा रिकव्हरी वेगळी, आणि हे काम एएमसीत धरलेलं नाही. एएमसीचे बारा हजार आम्ही एप्रिलमध्येच भरले होते. त्या कागदाचा मला अजूनही राग आहे, कारण हार्डडिस्कला काहीही झालं नव्हतं, आणि दहा मिनिटं त्या पडद्याकडे नीट पाहिलं असतं तर ते कुणालाही कळलं असतं.

आमच्या संगणकशास्त्र विभागातले एक सर तास संपवून आले. त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं आणि ग्रबचा, म्हणजे मशीन सुरू होताना काय चालवायचं ते निवडायचा, मेनू दिसताच खालच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये गेले. तिथे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आवृत्त्यांची यादी असते. वरचा सोडून त्याखालचा, आधीचा कर्नल निवडला. मिनिटभरात लॉगिन आलं आणि कोहा उघडलं. शोधाची अनुक्रमणिका अचानक वीज गेल्याने बिघडली होती, ती झेब्रा या कोहाच्या शोधयंत्रणेच्या रीबिल्ड कमांडने परत बांधून घेतली. नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या. रांग पुढे सरकली.

हे एवढंच पाऊल लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ आहे. डेबियन नवा कर्नल टाकताना जुना लगेच काढत नाही. अपडेटनंतर मशीन उठत नसेल तर आधी मॉनिटर-कीबोर्ड जोडा आणि मागचा कर्नल निवडून पाहा. तोही चालला नाही तर पेन ड्राइव्हवरून डेबियन उघडून आतून दुरुस्ती करता येते. फॉरमॅटचा विचार त्यानंतर.

आता कारण. त्या रात्री कुठलंही अपडेट झालेलं नव्हतं. ते एप्रिलमध्येच झालं होतं आणि फसलं होतं. सुरक्षेची अपडेट्स आपोआप घेणारी अनअटेंडेड-अपग्रेड्स ही सोय आमच्याकडे चालू आहे. ती रोज सकाळी सहा ते सातच्या दरम्यान चालते, पण मूळ सेटिंगमध्ये मशीन रीस्टार्ट करत नाही. त्यामुळे नवा कर्नल डिस्कवर येतो आणि चालू असतो जुनाच. आमच्या लॉगमध्ये एप्रिलच्या एका सकाळी स्पष्ट लिहिलेलं सापडलं: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मुख्य डिस्कवर दीडशे जीबीच्या वर जागा रिकामी होती. भरलं होतं ते बूट पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू होताना लागणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर वेगळा काढलेला छोटा भाग.

या बूट पार्टिशनबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे.

दुकानदाराने सर्व्हर बसवताना बूटसाठी वेगळं पार्टिशन केलं आणि त्याला फक्त २५६ एमबी दिले. २४० जीबीच्या डिस्कवर! एकेका कर्नलमागे तिथे दोन मोठ्या फाइली लागतात. एक कर्नल स्वतः, आमच्याकडे सुमारे आठ एमबीचा. दुसरी इनिटआरडी, जिच्यात डिस्कपर्यंत पोचायला लागणारे ड्रायव्हर आणि एलव्हीएमची (डिस्कची जागा विभागून सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) साधनं असतात, ती आमच्याकडे पासष्ट एमबीच्या आसपास. जो कर्नल चालू आहे तो डेबियन काढत नाही, आणि नव्यांपैकीही मागचा एक हाताशी ठेवतो. म्हणजे महिनोन्‌महिने रीस्टार्ट न झालेल्या सर्व्हरवर तीन कर्नल राहू शकतात. ग्रबच्या फाइली आणि फाइल सिस्टिमची स्वतःची जागा सोडून दोन मावले. तिसऱ्याची छोटी फाइल मावली आणि इनिटआरडी लिहिताना जागा संपली. पॅकेज अर्धवट अवस्थेत राहिलं. पुढे कुठल्यातरी दुसऱ्या पॅकेजच्या निमित्ताने ग्रबची यादी नव्याने लिहिली गेली, आणि तिला बूटमध्ये नवा कर्नल दिसल्यामुळे तो यादीत सगळ्यात वर गेला. त्याला इनिटआरडीच नव्हती. इनिटआरडीशिवाय त्याला डिस्क सापडत नाही, आणि पडद्यावरची ओळ नेमकं तेच सांगत होती. एप्रिलपासून जुलैपर्यंत सर्व्हर व्यवस्थित चालला, कारण त्याला बंद व्हायची वेळच आली नाही.

अडचण झाली तर मेल पाठवायची सोय अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये आहे. त्या सेटिंगमध्ये पत्ता भरावा लागतो. आमच्या सर्व्हरवर ती ओळ रिकामी सोडलेली होती. एएमसीच्या तिमाही भेटींच्या कागदांवर मात्र दर वेळी ‘सर्व्हर ओके’ असा शेरा आहे.

सोमवारी रात्री माझं मत होतं की आपोआप होणारी अपडेट्स बंदच करून टाकावीत. दुकानदारही तेच म्हणत होता, आणि त्याला पुष्टी देणारी खरी घटनाही आहे. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियनच्या ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट-४ फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब करू शकणारा दोष निघाला. डेबियनने १२.३ ही आवृत्ती थांबवली, अपडेट घेऊ नका असं सांगितलं आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आणली. एरवी भरवशाचं असलेलं अपडेटही कधी बिघडलेलं येऊ शकतं, हे खरंच आहे.

पण लॉग पूर्ण वाचल्यावर मत बदललं. आमच्या बाबतीत अपडेट सदोष नव्हतंच, ते ठेवायला जागा नव्हती. ओपॅक आम्ही विद्यार्थ्यांसाठी बाहेरून खुला ठेवलेला आहे. सुरक्षेची अपडेट्स बंद करून असा सर्व्हर इंटरनेटवर ठेवणं मला पटत नाही. शिवाय मूळ सेटिंगमध्ये ही सोय डेबियनचीच पॅकेजेस घेते, कोहाच्या रिपॉझिटरीला (त्याची पॅकेजेस जिथून येतात त्या साठ्याला) हात लावत नाही. कोहाची मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरात येते, ती आपण सुट्टीत, बॅकअप घेऊन, हाताने घालायची. तेव्हा स्वयंचलित अपडेट्स चालूच ठेवली आहेत.

दुरुस्ती अशी केली. मागच्या कर्नलवर मशीन चालू असताना सगळ्यात जुना कर्नल काढून जागा केली. डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या कॉन्फिगर कमांडने अर्धवट पॅकेज पुरं केलं. त्यात इनिटआरडीही बनली आणि ग्रबची यादीही नवी झाली. रीस्टार्ट केल्यावर नवा कर्नल नीट सुरू झाला. इथे थांबलो असतो तर काही महिन्यांनी पुन्हा तेच झालं असतं. म्हणून पुढच्या रविवारी, बॅकअपची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, सरांनी बूटमधला मजकूर मुख्य पार्टिशनवर हलवला, एफएसटॅब या फाइलमधली (जिच्यात सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी असते) त्या छोट्या पार्टिशनची ओळ काढली आणि ग्रब पुन्हा बसवला. ग्रब एलव्हीएमवरून वाचू शकतो, त्यामुळे आमच्याकडे हे सरळ झालं. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर हा मार्ग घेऊ नका.

पार्टिशन हलवणं शक्य नसेल तर इनिटआरडी लहान करता येते. इनिटरॅमएफएस-टूल्सच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’ ची किंमत ‘मोस्ट’ ऐवजी ‘डेप’ केली की फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर त्यात येतात. पण उद्या मदरबोर्ड जळाला आणि हीच डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, तर ती कदाचित उठणार नाही. जुनी मशीनं वापरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात घेऊन ठरवावं.

आता मेलचा पत्ता भरला आहे आणि तशी सूचना एकदा येऊनही गेली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, काउंटर बंद झाल्यावर, मी स्वतः सर्व्हर रीस्टार्ट करते आणि कोहा उघडल्याशिवाय घरी जात नाही. कोहाच्या डेटाचा रोजचा डंप (बॅकअपची प्रत) त्याच डिस्कवर पडतो, तो दर आठवड्याला बाहेर काढते.

नवा सर्व्हर बसवून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी ‘डीएफ-एच’ ही कमांड (कुठल्या पार्टिशनला किती जागा आहे ते दाखवणारी) समोर चालवून घ्या. बूट वेगळं असेल तर त्याला किमान एक जीबी मागा. एवढ्या मोठ्या डिस्कवर त्यात काहीही अवघड नाही. एएमसीच्या करारात ‘अपडेट फसल्यास दुरुस्ती’ ही ओळ लिहून घ्या, आणि फॉरमॅट करायचं म्हणाले तर कारण लेखी मागा.

डेबियनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो मेलची सूचना मुळात बंद असते म्हणून. कोहाला पाचपैकी पाच. अठरा हजार वाचले, त्यातून प्राचार्य सरांच्या मंजुरीने यूपीएसच्या नव्या बॅटऱ्या आणि एक बाहेरची डिस्क घेतली. डेबियन १२ ची दीर्घ मुदतीची सुरक्षा अपडेट्स जून २०२८ पर्यंत आहेत, तोवर हेच मशीन चालवणार आहे. त्या दुकानाचं एएमसी पुढच्या एप्रिलला संपतं. ते पुढे चालू ठेवू नये, असं टिपण मी ग्रंथालय समितीकडे दिलं आहे.