इशिरो होंडा यांची कारकीर्द एका ब्लू-रे संचातून: काही महिन्यांच्या वापरानंतर

गॉडझिलाच्या १९५४ ते १९७५ या काळातील १५ चित्रपटांचा, ८ ब्लू-रे डिस्कचा अमेरिकी संच गेले काही महिने माझ्या नियमित वापरात आहे. संच विकला जातो तो त्या महाकाय प्राण्याच्या नावावर. मी मात्र तो घेतला इशिरो होंडा या दिग्दर्शकासाठी. १५ पैकी ८ चित्रपट त्यांचे आहेत. उरलेल्यांपैकी पाच जुन फुकुदा यांचे आहेत, तर मोतोयोशी ओदा आणि योशिमित्सु बान्नो यांचा प्रत्येकी एक आहे. डिस्कच्या क्रमाने न जाता होंडा यांचे आठ चित्रपट आधी सलग पाहावेत, असे मी सुचवेन. तसे पाहिल्यावर लक्ष राक्षसांवरून हळूहळू उडते आणि त्यांच्यापासून पळणाऱ्या, त्यांच्या जिवावर पैसा करू पाहणाऱ्या, त्यांच्याविषयी समित्यांमध्ये वाद घालणाऱ्या माणसांवर स्थिरावते. होंडा यांचे खरे काम तिथे आहे, असे माझे मत झाले आहे.

१९११ साली यामागाता प्रांतात जन्मलेले होंडा १९३३ मध्ये पुढे तोहो या नावाने ओळखल्या गेलेल्या चित्रपट कंपनीत दाखल झाले. त्यानंतर त्यांना वारंवार सैन्यात बोलावले गेले, चीनमध्ये वर्षानुवर्षे काढावी लागली आणि युद्धाच्या शेवटी ते तिथेच युद्धकैदी झाले. १९४६ मध्ये मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमाची राख डोळ्यांनी पाहिली. त्यांचे स्नेही, दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा पहिला चित्रपट १९४३ मध्येच आला होता. होंडा यांना स्वतःच्या पहिल्या कथापटासाठी १९५१ पर्यंत, म्हणजे वयाच्या चाळिशीपर्यंत, थांबावे लागले. मधल्या काळात कुरोसावांच्या १९४९ च्या ‘स्ट्रे डॉग’साठी त्यांनी टोकियोच्या काळ्या बाजाराची आणि पडझड झालेल्या वस्त्यांची दृश्ये टिपली. हा तपशील माहीत असला की १९५४ चा पहिला ‘गोजिरा’ (गॉडझिलाचे मूळ जपानी नाव) निराळाच दिसतो.

त्या वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावरील अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि ३ नोव्हेंबरला हा चित्रपट प्रदर्शित झाला. पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा या संचातील पहिला चित्रपट हाच, आणि त्यातही विध्वंसाच्या मधल्या, एरवी सहज निसटून जाणाऱ्या जागा. आगगाडीच्या डब्यात एक तरुणी किरणोत्सारी मासे आणि किरणोत्सारी पाऊस यांच्याविषयी कुरकुरते आणि आपण नागासाकीतून वाचलो ते कशासाठी, असे सहज बोलून जाते. कोणी चमकत नाही, कॅमेराही तिच्यापाशी रेंगाळत नाही. टोकियोच्या जळत्या गिंझा भागात एक आई भिंतीच्या आडोशाला मुलांना कवटाळून बसली आहे आणि आता लवकरच आपण बाबांकडे जाणार, असे त्यांना सांगते आहे. त्या कुटुंबातला पुरुष कुठे गेला हे १९५४ च्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नव्हते. नंतरच्या रुग्णालयात एका लहान मुलापुढे किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर धरला जातो आणि डॉक्टर नुसती मान हलवतात. संसदीय समितीतला गोंधळ तर आपल्याकडच्या कोणत्याही सभागृहात शोभावा असा आहे: गॉडझिलाची बातमी जाहीर केली तर आंतरराष्ट्रीय संबंध बिघडतील, असे एका बाजूचे म्हणणे, आणि सत्य लपवू नका असा महिला सदस्यांचा आरडाओरडा.

याच डिस्कवर १९५६ ची अमेरिकी आवृत्तीही आहे. तीत रेमंड बर या नटाचे प्रसंग नव्याने घुसवले आहेत आणि वर सांगितलेल्यातले बरेचसे कापले आहे. दोन्ही लागोपाठ पाहणे हा मला या संचाचा सर्वांत उपयुक्त भाग वाटला, कारण राक्षसाची दृश्ये बहुतांशी तीच राहूनही चित्रपट केवढा उथळ होतो, हे त्यातून कळते. स्पेशल इफेक्टचे श्रेय एजी त्सुबुराया यांचे, आणि ते कोणी नाकारत नाही. पण त्यांचे पथक आणि होंडा यांचे पथक स्वतंत्रपणे चित्रण करीत असे. समोर काहीच नसताना वर पाहून धावणाऱ्या गर्दीत खरी भीती आणणे हे होंडा यांचे काम होते आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

साठच्या दशकातील चित्रपटांत भीती ओसरते आणि तिच्या जागी उपहास येतो. १९६२ च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’मध्ये एका औषध कंपनीचा प्रमुख टीव्ही कार्यक्रमाची लोकप्रियता वाढावी म्हणून किंग काँग आणवतो. १९६४ च्या ‘मोथरा विरुद्ध गॉडझिला’मध्ये किनाऱ्याला लागलेले मोथरा या महाकाय पतंगाचे अजस्र अंडे एक व्यापारी कोळ्यांकडून कोंबडीच्या अंड्यांच्या भावाने हिशेब करून विकत घेतो आणि त्याभोवती तिकीट लावण्याची तयारी करतो. माझ्या लेखी हा दुसरा चित्रपट पहिल्या ‘गोजिरा’नंतरचा होंडा यांचा या संचातील सर्वोत्तम चित्रपट आहे. १९६५ चा परग्रहवासीयांचा आणि १९६८ चा सगळे राक्षस एकत्र आणणारा चित्रपट करमणूक म्हणून ठीक आहेत. दुसऱ्यांदा लावावेसे वाटले नाहीत.

१९६९ च्या ‘ऑल मॉन्स्टर्स अटॅक’ची बहुतेक चाहते टिंगल करतात, कारण त्यात जुन्या चित्रपटांचे तुकडे सर्रास वापरले आहेत. माझे मत वेगळे आहे. आईवडील दोघेही कामावर, कारखान्यांच्या धुराने वेढलेली कावासाकीची वस्ती, आणि शाळेतून येऊन स्वतःच कुलूप उघडणारा एकटा मुलगा, एवढा मजकूर होंडा यांनी ज्या आस्थेने चित्रित केला आहे, ती आस्था उसन्या तुकड्यांमुळे कमी होत नाही. १९७५ च्या ‘टेरर ऑफ मेकागॉडझिला’ची पटकथा युकिको ताकायामा यांची आहे आणि तिची उदास छटा लक्षात राहते, परंतु चित्रपट तिकीटखिडकीवर पडला आणि होंडा यांनी त्यानंतर कथापट दिग्दर्शित केला नाही. पुढे ‘कागेमुशा’पासून ‘मादादायो’पर्यंत कुरोसावांच्या पाच चित्रपटांत ते त्यांचे सहकारी राहिले आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये वारले.

आता वस्तूविषयी. संच एखाद्या मोठ्या चित्रकथेच्या पुस्तकाएवढा आहे आणि ब्लू-रेच्या नेहमीच्या फळीत बसत नाही. डिस्क पुठ्ठ्याच्या पानांतील खाचांत घट्ट बसवलेल्या असल्यामुळे बाहेर काढताना बोटांचे ठसे उमटतातच. वारंवार पाहणाऱ्याने त्या साध्या प्लास्टिकच्या डब्यांत हलवणे बरे. भारतातून मागवणाऱ्यांसाठी महत्त्वाची बाब अशी की ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक विभागांपुरत्या (रीजन) चालतात; या डिस्क रीजन ए च्या आहेत आणि भारत रीजन सी मध्ये येतो, त्यामुळे सर्व रीजन चालवणारा प्लेअर आधी घ्यावा. उपशीर्षके फक्त इंग्रजी आहेत. चित्राचा दर्जा सर्वत्र सारखा नाही, आणि १९५४ च्या चित्रपटातील काही दृश्यांवर ओरखडे राहिले आहेत, पण त्यांचा त्रास होत नाही. खटकते ते हे की १९६२ च्या चित्रपटाची अमेरिकी आवृत्ती मुख्य ठिकाणी आहे आणि मूळ जपानी आवृत्ती शेवटच्या डिस्कवर पुरवणी म्हणून ठेवली आहे. अमेरिकी आवृत्तीत विनोदच कापलेला असल्याने थेट शेवटची डिस्क लावावी. बान्नो यांनी १९९० मध्ये घेतलेली होंडा यांची मुलाखतही चुकवू नये.

होंडा यांच्या अभ्यासासाठी संच अपुरा आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. १९५६ चा ‘रोडान’, १९६१ चा ‘मोथरा’, १९६३ चा ‘मातांगो’ हे गॉडझिला नसलेले चित्रपट यात नाहीत, आणि निर्जन बेटावर अडकून विषारी अळंब्यांच्या मोहात पडणाऱ्या सुखवस्तू मंडळींचा ‘मातांगो’ तर त्यांच्या उत्तम कामांपैकी आहे. ते वेगळे मिळवावे लागतात. ज्यांना एवढा खर्च करायचा नाही त्यांच्यासाठी १९५४ चा चित्रपट अमेरिकी आवृत्तीसह स्वतंत्र डिस्कवरही मिळतो.